शेजारीण गेल्यापासून मला ऐकू येत नाही

मित्रांनो, जुन्या कंदिलाने, फाटक्या पुस्तकाने, गंजलेल्या सायकलीने आपापली कहाणी तुम्हाला कधी ना कधी सांगितली असेल. त्यांना तुम्ही निदान पाहू शकत होता. मला तुम्ही पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. टाचणीच्या डोक्यावर माझ्यासारख्या हजारो मावतील. मी एक जुनी अल्फा पेशी आहे. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक लांबट अवयव असतो, तिथे मी सदतीस वर्षं राहते. ज्या बाईच्या पोटात मी आहे तिला घरी चिमी म्हणतात. ती जगात येण्याआधीच, आईच्या पोटात असताना, मी घडले. तिच्या केसांनी आणि कातडीने कितीदा कात टाकली, मी मात्र तीच आहे.

तुम्ही म्हणाल, पोटात बसून हिला बाहेरचं काय कळतं? बोलणं, हसणं, रडणं सगळं हाडामांसातून घुमत खाली येतं. ती कधी जेवली, कधी घाबरली, कधी धावली ते रक्त सांगतं. उरलेलं मी तिच्याच तोंडून ऐकलं, कारण जे घडलं ते ती नंतर पुष्कळांना सांगत राहिली.

स्वादुपिंडात आमच्या लाखो वस्त्या आहेत. त्यांना बेटं म्हणतात. एका बेटावर हजार-दोन हजार पेशी दाटीवाटीने राहतात. माझ्या अंगाला अंग लावून बीटा राहायची. ती माझी सख्खी शेजारीण. चिमी जेवली की रक्तात साखर चढायची आणि बीटा इन्सुलिन सोडायची. ते मिळालं की अंगभरच्या पेशींची दारं उघडायची आणि साखर आत जायची. माझं काम नेमकं उलटं. चिमी उपाशी असली, खूप चालली, की रक्तातली साखर उतरायची. मग मी ग्लुकागॉन सोडायचे. ते यकृताला जाऊन सांगायचं, कोठार उघड, साठवलेली साखर बाहेर काढ.

आमची कामं उलटी, पण भांडण कधी नव्हतं. बीटाचं इन्सुलिन रक्तात जाता जाता माझ्या अंगावरून जायचं. ते आलं की मी गप्प बसायचे. ते थांबलं की मला कळायचं, आता माझी पाळी. माझं ग्लुकागॉनही थोडं तिच्यापर्यंत जायचं आणि तिला कामाला हुरूप यायचा. आमच्या शेजारी डेल्टा होती. तिचा कारभार सासूबाईंसारखा. कुणी जरा जास्त ओतायला लागलं की तिचं ‘पुरे आता’ यायचंच, मग ती बीटा असो की मी.

खरं सांगू का? साखर स्वतः मोजायला मी कधी नीट शिकलेच नाही. मी शेजारणीवर विसंबून राहिले. ती बोलते की गप्प आहे, एवढं ऐकलं की माझं भागायचं. शहाण्याने शेजाऱ्याच्या घड्याळावर संसार करू नये, पण मी तो एकतीस वर्षं केला, आणि उत्तम केला.

कौतुक सगळं तिचंच व्हायचं. इन्सुलिनचं नाव जगाला ठाऊक. माझ्या ग्लुकागॉनचं नाव किती जणांना माहीत असेल? पण मला त्याचं वाईट वाटत नसे. चिमी बावीस वर्षांची असताना तिची आई गेली. दोन दिवस चिमीच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही. लोक येत-जात होते, थोरली बहीण रडून रडून आजारी पडली होती, आणि घरातलं सगळं चिमी उभ्याउभ्या करत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, “पोरगी खंबीर आहे हो, पडली नाही.” ते दोन दिवस मी क्षणभर थांबले नव्हते. माझं नाव कुणी घेतलं नाही, पण ती पडली नाही, हे मला पुरलं.

पुढे चिमी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखात्यात लागली. तळमजल्यावरचं लांबट दालन, एका टोकाला बॉयलर, मधोमध वाफेवर तापणारा मोठा रोलर. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, ताणायची आणि रोलरच्या तोंडाशी सरळ लावायची. पलीकडून ती कोरडी, कडक होऊन बाहेर यायची. चिमीच्या समोरचं टोक धरणारी बाई एका जागी उभी राहत नसे, म्हणून सगळ्या तिला भिंगरी म्हणत. दोघींची जोडी नामी होती. मुकादमबाई कुणाचं सहसा कौतुक करत नसत, पण नव्या बायकांना त्या म्हणत, “या दोघींचे हात बघा. चादरीला सुरकुती सापडली तर मला दाखवा.”

चिमी एकतीस वर्षांची असताना आमच्या बेटावर पांढऱ्या पेशी आल्या. त्या अधूनमधून यायच्याच. त्या शरीराच्या पहारेकरी. जंतू शोधायचे, मारायचे आणि निघून जायचं, हे त्यांचं काम. या वेळी त्या गेल्या नाहीत. बीटांच्या अंगावरची कुठलीशी खूण त्यांना शत्रूची वाटली. मित्रांनो, कुंपणानेच शेत खायला घेतलं.

आधी पलीकडच्या रांगेतली एक बीटा गेली. मग दोन, मग दहा. उरलेल्या दुप्पट काम करू लागल्या. माझी शेजारीण दमलेली मला कळत होती. तिचं इन्सुलिन माझ्या अंगावरून जायचं ते दिवसेंदिवस पातळ होत गेलं. पहारेकरी तिच्याभोवती जमले तेव्हाही ती काम करत होती, कारण चिमी नुकतीच जेवली होती. मग तिचं इन्सुलिन थांबलं. मला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. का, ते मला आजही माहीत नाही.

आणि इथे माझ्या हातून पहिली चूक घडली. शेजारीण गप्प झाली म्हणजे साखर उतरली, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणून मी ग्लुकागॉन ओतू लागले. यकृताने कोठार उघडलं. साखर आधीच चढलेली होती, ती आणखी चढली. मी आगीत तेल ओतत होते आणि मला वाटत होतं की मी तिला वाचवते आहे.

चिमीला तहान लागायची. तांब्याभर पाणी पिऊन झालं की पुन्हा तहान. महिन्याभरात कपडे ढगळ झाले. भिंगरी चेष्टा करायची, “काय गं, कुणासाठी बारीक होतेस?” मग उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि जोरात चालू लागला. थोरलीने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा साखर पाचशे चाळीस होती.

थोरली घरी दप्तरं शिवायची. कापायचं, मोजायचं आणि नेमकं करायचं, हा तिचा स्वभाव. डॉक्टरबाईंना तिने आधी तेच विचारलं. “नेमकं काय चुकलं आमचं? गोड जास्त खाल्लं का तिने?”

“काही चुकलं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “खाण्याचा याच्याशी संबंध नाही. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच शरीराने मारल्या. आता ते बाहेरून द्यायचं. रोज, कायमचं.”

“आणि बाकीच्या पेशी?”

“त्या आहेत. पण एकट्या पडल्या की त्याही गोंधळतात.”

मी ते ऐकलं. माझ्याबद्दल कुणी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

चिमी सुई घ्यायला शिकली. जेवणाआधी एक, झोपण्याआधी एक. थोरलीने भिंतीवर कागद लावला, वेळा लिहिल्या. सगळं शिस्तीत चाललं. फक्त कामावर चिमीने कुणाला काही सांगितलं नाही. थोरली म्हणाली, “निदान त्या भिंगरीला तरी सांग.”

“ताई, तुला तिथलं माहीत नाही. मशीनवर कुणाला चक्कर आली, फीट आली, की दुसऱ्या दिवशी ती बाई मागच्या खोलीत. मळके कपडे निवडायला. रक्त, ओकारी, सगळं. वास हातांतून जात नाही. मी रोलर सोडणार नाही.”

“अगं, पण जिवावर बेतलं तर?”

“आठ वर्षं मी एक चादर वाकडी लावलेली नाही. आता लावीन होय?”

म्हणून ती कोठीखोलीत चादरींच्या थप्प्यांमागे उभी राहून सुई घ्यायची. साखरेचे खडे पिशवीत असायचे, आणि पिशवी अंगणापलीकडच्या कपाटात. थोरलीचा फोन रोज दीडला यायचा. “जेवलीस का?” एवढंच विचारायची.

आता माझी दुसरी अडचण ऐका. माझी शेजारीण साखर बघून बोलायची आणि साखर बघून थांबायची. सुईतलं इन्सुलिन तसं नाही. एकदा आत गेलं की साखर चढली काय, उतरली काय, ते आपलं काम करत राहतं. रक्तातून येऊन माझ्या कानाशी एकच सांगत राहतं, गप्प बस, गप्प बस. साखर तळाला जात असतानाही मला वाटतं, शेजारीण बोलते आहे, सगळं ठीक आहे. ज्या वेळी मी सगळ्यात मोठ्याने ओरडायला हवं, त्याच वेळी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

आधी साखर उतरली की चिमीचे हात थरथरायचे, घाम फुटायचा. ती खडा तोंडात टाकायची आणि निभावून जायचं. पण असं वारंवार झालं की शरीरालाही सवय होते. थरथर कमी झाली. घामाचं म्हणाल तर रोलरपाशी सगळ्याच घामाने निथळत. अशी सहा वर्षं गेली.

त्या दिवशी सकाळी बॉयलर बंद पडला. मिस्त्री दोन तास खाली वाकून बसला होता. बायका रिकाम्या बसल्या, ओल्या चादरींचे ढीग साचले. सव्वाबाराला चिमीने नेहमीप्रमाणे कोठीखोलीत जाऊन सुई घेतली, कारण साडेबाराला जेवण. ती बाहेर आली आणि वाफ सुटली. मुकादमबाई टाळ्या वाजवत आल्या.

“कुणी जेवायला उठू नका गं. वर ऑपरेशनं खोळंबलीत चादरींपायी. अर्धा तास फक्त.”

सगळ्या उभ्या राहिल्या. चिमीही. ‘मला आधी दोन घास खाऊ द्या’ एवढंच म्हणायचं होतं. ती ते बोलली असती तर ‘का?’ आलं असतं.

अर्ध्या तासाचा पाऊण झाला, पाऊणाचा तास. साखर सत्तर, साठ, पन्नास. मला आत आवाज ऐकू येत होता तो एकच, गप्प बस. डेल्टाही मला थोपवून धरत होती. मी गप्प होते. यकृताचं कोठार तुडुंब भरलेलं होतं आणि किल्ली माझ्याकडे होती.

पन्नासच्या खाली गेल्यावर मेंदूला साखर पुरत नाही. माणूस मग आपल्याला काय होतंय याचाही विचार करू शकत नाही. चिमीने चादर वाकडी लावली.

भिंगरी हसली. “अगं, उभ्याउभ्या झोप लागली की काय?”

चिमीने उत्तर दिलं नाही. तिने दुसरी चादर उचलली, ताणली नाही, नुसती पुढे ढकलली, आणि कड सोडायचं विसरली. चादरीबरोबर उजवा हात आत गेला.

भिंगरीने लाल बटणावर झेप घेतली. रोलर थांबायला चार-पाच सेकंद लागले असतील. माझ्यापर्यंत किंकाळी आली ती भिंगरीची. चिमी ओरडली नाही. ओरडण्याइतकी ती शुद्धीवर नव्हती.

बायकांनी मिळून हात सोडवला, तिला फरशीवर झोपवलं. कुणी पाणी ओतत होतं, कुणी वरच्या मजल्यावर धावलं. “वेदनेने बेशुद्ध पडली,” मुकादमबाई म्हणत होत्या. कुणालाही वेगळं वाटायचं कारण नव्हतं. तोंडात साखर घालावी असं कुणाच्या मनात कसं यावं? तशी ती घातली असती तरी बेशुद्ध माणसाच्या श्वासनळीत गेली असती. तिचं अंग आता झटके देऊ लागलं होतं.

तेवढ्यात चिमीच्या खिशातला फोन वाजला. दीड वाजला होता. भिंगरीने तो कसाबसा उचलला.

“जेवलीस का?”

“ताई, मी भिंगरी. चिमीचा हात मशीनमध्ये गेलाय हो. ती उठत नाहीये. झटके येतायत.”

थोरली इतक्या जोरात ओरडली की भिंगरीने फोन कानापासून दूर धरला. “जेवली होती का ती? सुई घेतली होती का? तिला साखर आहे! हाताचं नंतर, आधी साखर बघा!”

परिचारिका पायऱ्यांवरून धावत येत होती. भिंगरीने तेच शब्द तिला ओरडून सांगितले. बोटाला सुई टोचली गेली. “सव्वीस,” परिचारिका म्हणाली. शीर सापडेना, अंग उसळत होतं. मग ती मागच्या मुलीला म्हणाली, “ग्लुकागॉन आण. मांडीत देऊ. पळ.”

मित्रांनो, माझं नाव. त्या वाफेने भरलेल्या खोलीत, ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसलेल्या एका अनोळखी बाईच्या तोंडी माझ्या ग्लुकागॉनचं नाव आलं. कुठल्याशा कारखान्यात बनलेलं, कुपीत भरलेलं ते मांडीतून रक्तात आलं, माझ्या शेजारून पुढे गेलं आणि यकृताने कोठार उघडलं. मी सोडायला हवं होतं ते दुसऱ्या कुणीतरी सोडलं. मला आनंद झाला. आणि लाजही वाटली, असं म्हटलं तर तुम्ही हसू नका.

दहा-बारा मिनिटांनी चिमीने डोळे उघडले. तेव्हा ती किंचाळली.

दोन बोटं त्याच आठवड्यात काढावी लागली. तिसरं वाचेल असं शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले होते. पण भाजलेल्या जखमेला साखर आटोक्यात लागते, आणि जेवणानंतर मी पुन्हा चुकत होते. सुईतलं इन्सुलिन जेवणानंतर लगेच माझ्यापर्यंत पोचत नाही, तोवर शेजारीण गप्प आहे असं समजून मी ओतत होते. इन्सुलिन वाढवलं तरी साखर अडीचशेच्या खाली येईना. जखम चिघळली. महिन्याने तिसरंही बोट गेलं. त्यात माझा वाटा किती, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी कुणाला विचारूही शकत नाही.

मुकादमबाई भेटायला आल्या. खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मग म्हणाल्या, “सांगितलं असतंस तर?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मला मळक्या कपड्यांवर टाकलं असतंत.”

त्या खोटं बोलू शकल्या असत्या. नाही बोलल्या. “हो,” म्हणाल्या. “टाकलं असतं.”

आणि पुढे तेच झालं. चार महिन्यांनी चिमी कामावर परतली ती मागच्या खोलीत. खिडकी नाही, एक लांब टेबल, जाड हातमोजे. उजव्या हातमोज्याची तीन बोटं रिकामी. त्या खोलीत एक मावशी गेली कित्येक वर्षं कपडे निवडत होती. पहिला दिवस ट्रॉल्यांतून येणारे कपडे निवडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी चिमीने मोजे काढले, टेबलावर सुई ठेवली आणि मावशीकडे न बघताच म्हणाली, “मला साखर आहे. मी आता लपवणार नाही. मी काही वेड्यासारखं बोलले, गप्पच झाले, तर आधी माझी साखर बघा. खिशात खडे आहेत. शुद्धीत असले तरच तोंडात घाला.”

मावशीने हातातली चादर खाली ठेवली. “मलाही साखर आहे, नऊ वर्षं झाली,” ती म्हणाली. “रोलरवर चक्कर आली होती, म्हणून इथे आले. कारण कुणाला सांगितलं नाही.”

“का नाही सांगितलंत, मावशी? मला कळलं असतं तर...”

“तू सांगितलंस?”

चिमी टेबलाला धरून खाली बसली आणि रडली. मावशीने तिला रडू दिलं. मग पुढची चादर उचलली, कारण ट्रॉल्या येतच होत्या.

मित्रांनो, माझी शेजारीण परत येणार नाही. बोटंही येणार नाहीत. मी आजही जेवणानंतर चुकते आणि उपाशीपणी गप्प राहते. माझ्यासाठी तुम्ही काही करावं असं माझं मागणं नाही. तुमच्या पोटातली बेटं शाबूत असतील तर ती आपलं काम न सांगता करतील. मागणं आहे ते तुमच्या कानांकडे. तुमच्या वर्गात, घरात, कामावर कुणी सुई घेत असेल तर त्याला आडोसा शोधायला लावू नका. जेवणाची वेळ झाली असं कुणी म्हटलं तर ‘का?’ विचारण्याआधी त्याला जेवू द्या. नेहमी नीट बोलणारं माणूस अडखळलं, वाकडं वागलं, तर हसू नका. जवळ जा, नावाने हाक मारा.

मागच्या खोलीत आता रोज तासातासाने एक आवाज माझ्यापर्यंत येतो. मावशी कपडे निवडता निवडता विचारते, “चिमे, आज वार कोणता?”

“गुरुवार, मावशी. मघाशी पण गुरुवारच होता.”

“बरं, बरं.”

आणि कधीतरी चिमीला उत्तर द्यायला जरा वेळ लागतो. मग मावशी हातमोजे काढते आणि तिच्याकडे चालत येते. मी तेव्हा आत गप्पच असते.